स्थानिक कुबरनेटिस क्लस्टर

स्थानिक कुबरनेटिस क्लस्टर : क्लाउडवर चालवायच्या सॉफ्टवेअरची जडणघडण आणि चाचणी करता यावी म्हणून डेव्हलपरने स्वतःच्या संगणकावर उभारलेली छोटी कंटेनर व्यवस्था. रोजच्या बोलण्यात तिला नुसते ‘लोकल क्लस्टर’ म्हणतात. कंटेनर म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या फाइली एकत्र बांधून वेगळे चालवण्याचा कप्पा. असे कंटेनर अनेक यंत्रांवर चालवून सांभाळणारी प्रणाली म्हणजे कुबरनेटिस, आणि त्या यंत्रांचा समूह म्हणजे क्लस्टर. या छोट्या व्यवस्थेतले कुबरनेटिस अस्सल असते. त्याखालची यंत्रे, नेटवर्क आणि डिस्क मात्र एका लॅपटॉपमध्ये बसवलेली असतात. हा फरक ध्यानात ठेवला तर ती फार उपयोगी पडते; तो विसरला की इथे सुरळीत चाललेले काम क्लाउडवर जाऊन अडते.

गूगलने जून २०१४ मध्ये कुबरनेटिस मुक्तस्रोत प्रकल्प म्हणून जाहीर केले आणि जुलै २०१५ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. सुरुवातीला ते शिकायचे तर दोन-चार यंत्रे हाताशी हवीत, नाहीतर क्लाउडचे भाडे भरायला हवे, अशी स्थिती होती. २०१६ मध्ये आलेल्या मिनिक्यूबने ही अडचण दूर केली. ते व्हर्च्युअल मशीनमध्ये किंवा कंटेनरमध्ये क्लस्टर उभे करते. काइंड हे साधन मुळात खुद्द कुबरनेटिसची चाचणी घेण्यासाठी तयार झाले. त्यात प्रत्येक नोड, म्हणजे क्लस्टरमधले एकेक यंत्र, हा डॉकर या कंटेनर चालवणाऱ्या साधनाचा एक कंटेनर असतो. रँचर लॅब्जने २०१९ मध्ये आणलेले केथ्रीएस हे कुबरनेटिसचे हलके वितरण आहे. एरवी क्लस्टरची सारी नोंद एटसीडी या डेटाबेसमध्ये राहते. एका सर्व्हरच्या केथ्रीएसमध्ये ते काम मुळातच एसक्यूलाइट करते. तेच डॉकरमध्ये चालवायचे असेल तर केथ्रीडी वापरतात. डॉकर डेस्कटॉपमध्येही कुबरनेटिसची सोय आहे. नवशिक्याने मिनिक्यूबपासून सुरुवात करावी. रोज क्लस्टर मोडून नवे उभे करणाऱ्याला काइंड किंवा केथ्रीडी जास्त सोयीचे जाते.

काइंडमध्ये ‘काइंड क्रिएट क्लस्टर’ एवढी एकच आज्ञा द्यावी लागते. ती पूर्ण झाल्यावर ‘डॉकर पीएस’ केले तर ‘काइंड-कंट्रोल-प्लेन’ नावाचा एकच कंटेनर दिसतो. त्या कंटेनरच्या आत शिरून ‘सीआरआय-सीटीएल पीएस’ म्हटले की खरा कारभार समोर येतो: एपीआय सर्व्हर (आज्ञा स्वीकारणारा), शेड्युलर (कोणते काम कोणत्या नोडवर जायचे ते ठरवणारा), कंट्रोलर मॅनेजर (क्लस्टर ठरलेल्या स्थितीत राखणारा), एटसीडी, सगळे आपापल्या कंटेनरमध्ये चालू असतात. म्हणजे कंटेनरच्या पोटात कंटेनर. बाहेरच्यांची देखभाल डॉकर करतो, आतल्यांची कंटेनरडी हा नोडमधला कंटेनर चालवणारा प्रोग्राम.

नव्या माणसाला पहिला अडथळा लागतो तो इथेच. तो आपल्या प्रोग्रामची इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर सुरू होतो तो साचा, बांधतो. ‘डॉकर इमेजेस’च्या यादीत ती दिसते. तरी पॉड (कुबरनेटिस एकत्र चालवते तो एक किंवा अधिक कंटेनरांचा गट) सुरू होत नाही आणि ‘इमेज-पुल-बॅकऑफ’ असा शेरा येतो. कारण सरळ आहे: इमेज बाहेरच्या डॉकरकडे आहे आणि नोडमधल्या कंटेनरडीचे कोठार वेगळे आहे. ‘काइंड लोड डॉकर-इमेज’ने ती आत पोचवावी लागते, मिनिक्यूबमध्ये ‘मिनिक्यूब इमेज लोड’ आहे. एवढे करूनही कधी पॉड उठत नाही. तेव्हा टॅग, म्हणजे इमेजच्या नावामागची आवृत्तीची खूण, पाहावा. टॅग ‘लेटेस्ट’ असेल किंवा दिलेलाच नसेल, तर वेगळे सांगितल्याशिवाय कुबरनेटिस दर वेळी रजिस्ट्रीकडेच (इमेजच्या बाहेरच्या कोठाराकडे) धाव घेते, आत इमेज असली तरीही. दर बांधणीला वेगळा टॅग द्यावा, हा त्यावरचा सर्वांत चांगला उपाय. ही सवय पुढे क्लाउडवरही कामी येते, कारण कोणती आवृत्ती चालू आहे हे टॅगवरूनच कळते.

दुसरा अडथळा बाहेरून येणाऱ्या वाहतुकीचा. सर्व्हिस म्हणजे पॉडपर्यंत पोचण्याचा स्थिर पत्ता. ‘लोडबॅलन्सर’ (वाहतूक वाटून देणारा) प्रकारची सर्व्हिस मागितली की क्लाउडवर पुरवठादाराची यंत्रणा खरोखरचा लोडबॅलन्सर आणि पत्ता देते. काइंडच्या क्लस्टरमागे असा पुरवठादार नसतो, म्हणून बाह्य पत्त्याच्या रकान्यात ‘पेंडिंग’ तसेच राहते. मिनिक्यूबमध्ये ‘मिनिक्यूब टनेल’ चालू ठेवावे लागते, काइंडमध्ये मेटलएलबीसारखे काही बसवतात. केथ्रीएसमध्ये छोटा लोडबॅलन्सर आणि ‘ट्रॅफिक’ (Traefik) नावाचा इंग्रेस कंट्रोलर, म्हणजे बाहेरून आलेली विनंती योग्य सर्व्हिसकडे वळवणारा प्रोग्राम, आधीपासून असतो. काइंडमध्ये लॅपटॉपचा पोर्ट थेट नोडला जोडायचा तर ते क्लस्टर बनवतानाच संरचनेच्या फाइलमध्ये लिहावे लागते, कारण चालू कंटेनरचे पोर्ट मागाहून बदलता येत नाहीत.

मेमरीच्या बाबतीत लोकल क्लस्टर चक्क दिशाभूल करतो. १६ जीबीच्या लिनक्स यंत्रावर काइंडचे तीन नोड उभे केले तर प्रत्येक नोड ‘माझ्याकडे १६ जीबी’ असेच सांगतो. शेड्युलर ते खरे धरतो आणि ४८ जीबी असल्यासारखी पॉडची वाटणी करतो. परिणामी पॉड जागेअभावी थांबण्याऐवजी सगळा लॅपटॉपच रखडतो. विंडोज आणि मॅकवर तर डॉकर लिनक्सच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालतो, त्यामुळे हिशेब त्या मशीनला दिलेल्या मेमरीचा करायचा. अनेक नोडांचा लोकल क्लस्टर पॉड कुठे जातात, नोड रिकामा कसा करतात हे शिकायला उत्तम. क्षमता किंवा वेग मोजायला तो वापरू नये.

डिस्कचेही तसेच. काइंड आणि केथ्रीएस दोन्हींत मुळात ‘लोकल-पाथ’ प्रकारची साठवण मिळते, म्हणजे नोडवरचा एक फोल्डर. काइंडचा क्लस्टर पुसला की, बाहेरचा फोल्डर मुद्दाम जोडलेला नसेल तर, त्यातला डेटाबेसही गेला. म्हणून मॅनिफेस्ट (क्लस्टरवर काय चालवायचे ते सांगणाऱ्या फाइली), हेल्म चार्ट (अशा फाइलींचा एकत्र बांधलेला संच) आणि नमुना डेटा भरण्याची स्क्रिप्ट गिटमध्ये ठेवावी. कोड बदलला की इमेज बांधून क्लस्टरमध्ये टाकण्याचे काम टिल्ट किंवा स्कॅफोल्ड ही साधने आपोआप करतात. नमुना डेटाची तीच स्क्रिप्ट सीआयमध्येही (प्रत्येक बदलानंतर आपोआप चाचण्या घेणाऱ्या व्यवस्थेत) चालवावी, म्हणजे प्रत्येक बदलाची चाचणी कोऱ्या क्लस्टरवर होते.

अॅपल सिलिकॉनच्या मॅकवर बांधलेली इमेज मुळात आर्म प्रोसेसरसाठी असते. ती इंटेल किंवा एएमडीच्या सर्व्हरवर चढवली तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ येते. दोन्हींसाठी बांधणी करायला डॉकर बिल्डएक्स आहे.

सर्वांत जपायची गोष्ट म्हणजे संदर्भ, अर्थात कॉन्टेक्स्ट. ‘क्युबकटल’ या कुबरनेटिसला आज्ञा देण्याच्या साधनाची आज्ञा कोणत्या क्लस्टरला जायची हे एका फाइलवरून ठरते, आणि त्याच फाइलमध्ये लोकल आणि प्रॉडक्शन (ग्राहक प्रत्यक्ष वापरतात तो क्लस्टर) दोन्ही शेजारी शेजारी नोंदलेले असतात. काइंडने उभा केलेला क्लस्टर ‘काइंड-काइंड’ नावाने तिथे येतो आणि लगेच चालू संदर्भ बनतो. मध्येच प्रॉडक्शनचे लॉग पाहायला संदर्भ बदलला आणि परत आणायचा राहिला, तर पुढची ‘डिलीट’ ग्राहकांच्या क्लस्टरवर चालते. म्हणून प्रॉडक्शनची फाइल वेगळी ठेवून लागेल तेव्हाच ‘क्युबकॉन्फिग’ या व्हेरिएबलमधून जोडावी, आणि पुसापुशीच्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये संदर्भाचे नाव स्पष्ट लिहावे.