श्रीलंका आपली आपण फिरताना: आधी महिना, मग किनारा, मग तिकीट

"ताई, विमानाची तिकिटं झाली, हॉटेलंही झाली. आता तुम्ही फक्त रूट बसवून द्या." दर सुट्टीच्या आधी आमच्या ऑफिसात असे फोन येतात. तारखा विचारल्या की कळतं, तिकिटं जुलैची आहेत. हॉटेलं विचारली की कळतं, चार रात्री बेंटोटाला, अगदी समुद्रासमोरची खोली, आणि स्वस्त पडतं म्हणून पैसे परत न मिळणाऱ्या दरात घेतलेली. तिथून पुढे आमचं काम रूट बसवण्याचं राहत नाही, बसवलेला रूट उसवण्याचं होतं. त्यात आमचे तीन-चार दिवस जातात आणि तुमचे पैसे.

ग्रुप टूरने न जाता आपल्या गतीने श्रीलंका बघायची, समुद्र, जुन्या राजधान्यांचे अवशेष आणि ऐतिहासिक गावं हे सगळं एका फेरीत करायचं, असं ठरवणाऱ्यांसाठी हे पत्रक आहे. बुकिंगची ॲप तुम्ही आमच्याइतकीच सराईतपणे वापरता, त्यामुळे ते सांगत नाही. जे ॲपवर दिसत नाही तेवढंच सांगतो.

दोन पावसाळ्यांचं बेट

आपल्याकडे जुलैमध्ये मालवणला जाऊन सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी होडी मागणारा माणूस भेटत नाही. त्या दिवसांत होड्या बंद असतात हे लहान पोरालाही ठाऊक असतं. पण तोच माणूस श्रीलंकेचं तिकीट काढताना हे विसरतो. मे ते सप्टेंबर या काळात जे नैऋत्य मोसमी वारे कोकणात पाऊस आणतात, तेच श्रीलंकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर आदळतात. नेगोंबो, बेंटोटा, हिक्काडुवा, उनवटुना, मिरिस्सा ही जी नावं तुम्ही फोटोंत बघता, ती सगळी याच किनाऱ्यावर. रोज दिवसभर पाऊस लागून राहतो असं नाही, मधे छान ऊनही पडतं. पण समुद्र खवळलेला असतो, लाल बावटा लागतो, आणि लांबवर आलेल्या मुलांना वाळूवर बसवून ठेवावं लागतं.

याच दिवसांत बेटाच्या पूर्व बाजूला त्रिंकोमाली, निलावेली, पासिकुडा इथं समुद्र तळ्यासारखा शांत असतो. कारण मधले डोंगर. पिदुरुतालागला हे तिथलं सर्वांत उंच शिखर 2,524 मीटरचं, म्हणजे कळसूबाईपेक्षा जवळजवळ 900 मीटर उंच. नैऋत्येचे ढग अलीकडच्या उतारावरच रिते होतात आणि पलीकडे कोरडा वारा पोचतो. साताऱ्याच्या पश्चिमेला महाबळेश्वर आणि पूर्वेला माण-खटाव, तोच प्रकार. डिसेंबर ते फेब्रुवारीत चक्र उलटं फिरतं. ईशान्य मोसमी पाऊस पूर्व किनारा झोडपतो आणि गॉल-मिरिस्साकडे ऊन पडतं.

देवमासे बघायलाही हाच हिशेब. मिरिस्साहून साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, त्रिंकोमालीहून मे ते ऑक्टोबर.

म्हणून आमचा पहिला प्रश्न "कुठे जायचंय" हा नसतो, "कुठल्या महिन्यात जायचंय" हा असतो. काहींना वाटतं आम्ही टाळाटाळ करतोय. तसं नाही. महिना कळला की किनारा ठरतो, किनारा ठरला की अर्धा रूट आपोआप ठरतो.

तुमच्या सुट्ट्या आणि तिथलं हवामान

मे महिन्यात, शाळांच्या सुट्टीत जाणाऱ्यांना आम्ही पूर्व किनारा देतो. जुलै-ऑगस्टलाही तोच. विमानतळ कटुनायकेला आहे, कोलंबो शहरात नाही, नेगोंबोच्या शेजारी. अवशेष बघायला उत्तरेकडे जायचं असेल तर कोलंबोत शिरून गर्दीत दोन तास घालवायची काहीच गरज नाही. विमान रात्री उतरणार असेल तर एक रात्र नेगोंबो, सकाळी निघून अनुराधापूर दोन रात्री, मग हबरणा किंवा सिगिरिया तीन रात्री, निलावेली तीन रात्री आणि परतीच्या वाटेवर कँडी दोन. एकूण 11 रात्री. आठच रात्री असतील तर कँडी गाळा आणि अनुराधापूर एका रात्रीवर आणा. समुद्र मात्र दोन रात्रींच्या खाली आणू नका. एका रात्रीत ओले कपडेसुद्धा वाळत नाहीत.

"मग गॉल राहिलं की!" हे हमखास ऐकू येतं. क्रिकेटमुळे गॉलचा किल्ला सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलेला असतो, स्टेडियमच्या मागे तटबंदीवर उभे राहून मॅच बघणारी माणसं लक्षात राहतात. पोर्तुगीजांनी 1588 मध्ये तिथं पहिली तटबंदी घातली, 1640 मध्ये डचांनी ते ठाणं जिंकलं आणि आज दिसतो तो किल्ला मुख्यतः डचांचा. आत अख्खं गाव नांदतं. गॉल सुंदर आहे, यात वादच नाही, आणि गाव बघायला समुद्र शांत असावा लागत नाही. पण पूर्व किनाऱ्याच्या रूटवरून गॉलला जाऊन यायचं म्हणजे दोन दिवस गाडीत. त्याऐवजी त्रिंकोमालीत फ्रेडरिक किल्ल्यातून वर चढून कोणेश्वराच्या देवळापर्यंत जा. समुद्रावर सरळ तुटलेल्या कड्यावर हे शिवालय आहे. जुनं देऊळ 17व्या शतकात पोर्तुगीजांनी पाडलं, आत्ताचं पुन्हा उभारलेलं. संध्याकाळच्या आरतीला तिथं उभं राहिलात तर गॉल राहिल्याची चुटपुट बरीच कमी होते, हा आमचा अनुभव.

नाताळ ते मार्च हा नैऋत्य किनाऱ्याचा काळ. यात फेब्रुवारी आणि मार्चचा पूर्वार्ध आम्हाला सर्वांत आवडतो, कारण तोवर अवशेषांच्या भागातला पाऊसही ओसरलेला असतो. डिसेंबरात मिरिस्साला ऊन आणि अनुराधापुरात धो धो पाऊस, असं होऊ शकतं. तरी नाताळातच जायचं असेल तर अवशेष आधी आणि समुद्र शेवटी ठेवा. गॉलहून परतताना महामार्गाने थेट विमानतळापर्यंत येता येतं, साधारण अडीच तासांत.

आणि दिवाळी. इथं आम्ही स्पष्ट बोलतो, मग बुकिंग गेलं तरी चालेल. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा दोन पावसाळ्यांच्या मधला काळ. सकाळ बहुधा छान जाते, दुपारनंतर गडगडाट. दोन्हीपैकी कुठल्याही किनाऱ्याची हमी नाही, आणि बंगालच्या उपसागरातली वादळं याच सुमाराला उठतात. दिवाळीत जायचंच असेल तर कँडी, दंबुल्ला, सिगिरिया, गॉल अशी फेरी करा आणि समुद्र मिळाला तर मिळाला असं धरा. समुद्रासमोरच्या खोलीसाठी जादा पैसे त्या दिवसांत मोजू नका.

"अवशेष एका दिवसात उरकता येतील का?"

उरकता येतात. पण मग संध्याकाळी सगळेच स्तूप सारखे वाटतात.

अनुराधापूर ही हजार वर्षांहून जास्त काळ चाललेली राजधानी. ते मैलोगणती पसरलंय, चालत होत नाही, सायकल किंवा गाडी लागते. आणि ते नुसते अवशेष नाहीत. श्री महाबोधी हा वृक्ष सम्राट अशोकाची मुलगी संघमित्रा हिने बोधगयेहून आणलेल्या फांदीपासून वाढलेला, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातला. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही अनुराधापूरच्याच वृक्षाचं रोप. विदर्भातली आमची मंडळी इथं येऊन तास-तास बसतात. त्यांना अर्ध्या तासात उठवणारा आराखडा आम्ही करत नाही. जवळच जेतवनाचा विटांचा स्तूप आहे, मुळात सुमारे 122 मीटर उंचीचा. आज तो बराच खचलाय, तरी खाली उभं राहिलं की मान दुखते. पांढऱ्या कपड्यांतली कुटुंबं फुलांची ताटं घेऊन रुवनवेलिसाय स्तूपाला प्रदक्षिणा घालत असतात, ते संध्याकाळी बघावं.

पोलोन्नरुवा नंतरची राजधानी, आटोपशीर, अर्ध्या-पाऊण दिवसात सायकलवर छान होते. 11व्या शतकात ती चोळांच्या ताब्यात होती आणि त्यांच्या काळातलं दगडी शिवमंदिर अजून उभं आहे. पुढे 12व्या शतकात पहिल्या पराक्रमबाहूने बांधलेला पराक्रम समुद्र हा तलाव आजही शेतांना पाणी देतो. गल विहाराला शेवटी जा. एकाच कातळातल्या चार मूर्ती आहेत, त्यातली पहुडलेल्या बुद्धाची सुमारे 14 मीटर लांब. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या मराठी माणसाला कातळातलं काम नवं नाही, पण त्या दगडाच्या नैसर्गिक रेघा चेहऱ्यावरून जशा वाहतात तसं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

सिगिरिया, म्हणजे कश्यप राजाचा 5व्या शतकातला कड्यावरचा राजवाडा, दार उघडताच चढा. सुमारे 1,200 पायऱ्या आहेत आणि नऊनंतर लोखंडी जिन्यावर ऊन व रांग दोन्ही असतं. रायगड चढणाऱ्याला हे काहीच नाही. पण ज्यांचे गुडघे बोलतात त्यांनी खालच्या बागेतच थांबावं, ती बागही जुन्या काळचीच आहे.

हबरण्याला तीन रात्री का देतो याचं उत्तर यातच आहे. सिगिरिया, दंबुल्ल्याची लेणी आणि पोलोन्नरुवा तिन्ही तिथून होतात. बॅगा एकदाच उघडायच्या. ऑगस्ट-सप्टेंबरात जवळच्या मिन्नेरियाला तलावाकाठी हत्तींचे मोठे कळप जमतात, तेही पदरात पडतं.

नकाशावरचे किलोमीटर बघून "एवढंच तर आहे" म्हणू नका. हबरणा ते कँडी शंभराच्या आत आहे, पण घाट आणि गावं धरून तीन तास. महामार्ग सोडले तर तासाला 35 किलोमीटर धरा, हिशेब चुकत नाही.

किरकोळ वाटणारं, पण अडवणारं

अनुराधापूर, पोलोन्नरुवा आणि सिगिरियाला भारतासह सार्क देशांच्या नागरिकांना परदेशी पर्यटकांपेक्षा कमी दरात तिकीट मिळतं. त्यासाठी मूळ पासपोर्ट खिडकीवर दाखवावा लागतो, हॉटेलच्या तिजोरीत ठेवून येऊ नका. स्तूपाच्या आवारात पादत्राणं आणि टोपी काढावी लागते. दुपारी दगड तापलेले असतात, म्हणून पायमोजे जवळ ठेवा. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नका, तिथं तो अपमान समजला जातो.

दर पौर्णिमेला, ज्याला ते पोया म्हणतात, सार्वजनिक सुट्टी असते आणि दारूविक्री बंद. देवळांत मात्र त्या दिवशी पाहण्यासारखी गर्दी असते. कँडीतली एसला पेराहेरा ही बुद्धाच्या दंतधातूची, म्हणजे पवित्र दाताची, मिरवणूक जुलै-ऑगस्टात चांद्र तिथीने येते. तेव्हा खोल्या महिनोन्‌महिने आधी जातात आणि दर चढतात. बघायचीच असेल तर सगळा रूट त्या तारखांभोवती बांधावा लागेल.

शाकाहारी मंडळींचे हाल होत नाहीत. भात, परिप्पू म्हणजे आपली नारळाच्या दुधातली डाळ, फणसाची भाजी, आप्पम सगळीकडे मिळतं. फक्त ओल्या नारळाच्या सांबोलात सुकवलेल्या माशाचा चुरा घालायची पद्धत आहे, तेव्हा खाण्याआधी विचारा.

आमच्या पद्धतीबद्दल

आराखड्याची फी आम्ही आधी घेतो, याबद्दल काहींची नाराजी असते. महिना, पाऊस, तुमच्या घरातली माणसं आणि त्यांचे गुडघे बघून रूट लिहायला दोन पूर्ण बैठका लागतात, आणि तोच लिहिलेला रूट घेऊन तुम्ही बाहेर कुठेही बुकिंग करू शकता. आम्ही अडवत नाही. गाडी आणि राहण्याची सोय आमच्याकडून घेतलीत तर ती फी बिलातून वजा होते. आमचे चालक त्याच भागातले आहेत, पाऊस कुठे आहे ते आदल्या रात्री फोन करून कळवतात आणि गरज पडली तर दिवसांची अदलाबदल करतात. सोबत गाडी असली म्हणजे ती ग्रुप टूर होत नाही, कुठे किती वेळ थांबायचं ते तुम्हीच ठरवता.

एका आठवड्यात तीनपेक्षा जास्त मुक्काम आम्ही बसवत नाही. "दुसरीकडे आठ ठिकाणं देतायत" असं ऐकवलं जातं. देतात, खरं आहे. आमच्याकडे दुसऱ्यांदा येणाऱ्यांना आम्ही विचारतो की मागच्या वेळचं काय आठवतं, आणि उत्तरात दोन-तीनच ठिकाणं येतात, जिथं ते दुसऱ्या दिवशीही होते.

तिकीट काढण्याआधी आम्हाला व्हॉट्सॲपवर एवढं पाठवा: कोणता महिना, किती रात्री, कितीजण आणि त्यांची वयं, कोणाला जिने चढायला त्रास आहे का, आणि समुद्रात पोहायचंय की नुसतं काठावर बसायचंय. हा शेवटचा प्रश्न कृपया सोडू नका. ज्यांना नुसतं बसायचंय त्यांच्यासाठी जुलैतलं बेंटोटासुद्धा चालू शकतं, आणि तेव्हा तिथल्या खोल्या बऱ्याच स्वस्त असतात.