परावर्तक, चिकटवलेले (दुचाकीवरील) व ते काढण्याची रीत

मोटारसायकलीच्या पुढच्या फोर्कच्या नळ्या, मडगार्ड, स्विंगआर्म (मागचे चाक धरणारी हलती भुजा) किंवा बाजूचे पत्रे यांवर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने बसवलेली, पडलेला प्रकाश आल्या दिशेलाच परत पाठवणारी प्लास्टिकची चकती अथवा पट्टी. स्क्रूने बसवलेला परावर्तक पान्याने निघतो, त्यामुळे त्याचा येथे विचार केलेला नाही. चिकटवलेला परावर्तक काढताना खालच्या रंगाचा टवका उडणे, चरे पडणे किंवा रसायनाने चकाकी जाणे, असे तीन प्रकारचे नुकसान संभवते.

महाराष्ट्रात अशा परावर्तकाला आणि चमकत्या स्टिकरला सरसकट ‘रेडियम’ म्हणतात. नंबरप्लेट व स्टिकर करून देणारा तो ‘रेडियमवाला’. हे नाव बहुधा घड्याळांच्या तबकड्यांवरील स्वयंप्रकाशी रंगावरून आले असावे. तो रंग रेडियमच्या क्षारात जस्ताचे सल्फाइड मिसळून करीत व अंधारात तो आपोआप उजळे. परावर्तकात रेडियम नसते आणि समोरून दिवा पडल्याशिवाय तो दिसतही नाही.

साध्या आरशावर तिरपा पडलेला प्रकाश पलीकडे निघून जातो. परावर्तकाच्या आतल्या बाजूला मात्र बारीक घरांची जाळी असते आणि प्रत्येक घर एकमेकांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांचे बनलेले असते. या तिन्हींवरून परतलेला किरण ज्या दिशेने आला त्याच दिशेला समांतर जातो. याला पश्चपरावर्तन म्हणतात. हे घडण्यासाठी घरांच्या मागे हवा असावी लागते. म्हणून ॲक्रिलिकच्या भिंगामागे दुसऱ्या प्लास्टिकची बशी लावून कडा सांधून टाकतात. ही रचना येथे सांगण्याचे कारण असे की कडेला पाते घालून उचकटल्यास पुष्कळदा सांधाच उलगडतो. भिंग हातात येते, बशी गाडीवरच राहते आणि धरायला काही उरत नाही.

पश्चपरावर्तकाचे जनकत्व इंग्लंडमधील हॅलिफॅक्सच्या पर्सी शॉ याला देण्याची प्रथा आहे. रस्त्यात बसवायच्या ‘मांजरडोळ्या’चे पेटंट त्याने 1934 मध्ये घेतले. मात्र कल्पना सुचल्याचा किस्सा तो निरनिराळ्या प्रकारे सांगत असे: कधी कुंपणावरच्या मांजराचे डोळे, तर कधी ट्रामचे चकाकते रूळ. रिचर्ड हॉलिन्स मरे याची परावर्तक भिंगे 1920 च्या दशकातली, म्हणजे शॉच्या आधीची आहेत. दुचाकीवरील प्लास्टिकच्या चकतीपुरते बोलायचे, तर तिचे मूळ या काचेच्या भिंगांपेक्षा अमेरिकेतील जोनाथन स्टिमसन याच्या काटकोनी घरांच्या ठोकळ्यात शोधणे अधिक सयुक्तिक वाटते. ते काम 1920 च्या दशकाच्या अखेरीचे आहे.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा इतिहास चकतीचा नसून तिच्या पाठीवरील चिकटपट्टीचा आहे. नुसत्या दाबाने चिकटणाऱ्या, म्हणजे दाबसंवेदी आसंजकाची (चिकटद्रव्याची) सुरुवात वैद्यकात झाली. होरेस डे व विल्यम शेकट यांची रबरी मलमपट्टी 1845 च्या सुमाराची मानतात. जर्मनीत पॉल बायर्सडॉर्फ याने 1882 मध्ये अशा पट्टीचे पेटंट घेतले. कोणी पहिला मान डे याला देतात, कोणी बायर्सडॉर्फला. पट्टी नित्य वापराची झाली ती दुसऱ्याच्या काळात, एवढे म्हणता येईल. वाहनांशी तिचा संबंध आला तो 1920 च्या दशकात. त्या वेळी अमेरिकेत दुरंगी मोटारींची आवड वाढली होती. एक रंग झाकून दुसरा मारण्यासाठी रंगारी वर्तमानपत्राचे कागद खळीने डकवीत, आणि कागद काढताना खालचा ताजा रंगही सोबत येई. थ्री-एम कंपनीतील प्रयोगशाळा साहाय्यक रिचर्ड ड्र्यू याने हे पाहून 1925 च्या सुमारास रंग न उखडता निघणारी कागदी पट्टी तयार केली. आरंभीच्या पट्टीला डिंक फक्त कडांना होता व ती गळून पडली, तेव्हा एका रंगाऱ्याने तिला ‘स्कॉच’, म्हणजे कंजूष, म्हणून हिणवले, अशी आख्यायिका आहे. ती जपूनच घ्यावी. मुळात रंगावरून अलगद निघावी म्हणून घडवलेल्या या पट्टीच्या वंशात, त्याच कंपनीने 1980 मध्ये बाजारात आणलेली ॲक्रिलिक फोमची पट्टी मात्र कधी निघू नये यासाठी आहे. परावर्तकामागे सामान्यतः याच जातीची पट्टी असते. गॅरेजमध्ये तिला ‘डबल टेप’ किंवा ‘फोम टेप’ म्हणतात.

ॲक्रिलिक आसंजक श्यानप्रत्यास्थ असतो. झटका दिला तर तो घट्ट घनासारखा वागतो. सावकाश ओढला तर दाट पाकासारखा ताणला जातो. गार असताना ताठ, ऊन असताना मऊ, हाही त्याचाच गुण. थंडीच्या सकाळी स्क्रूड्रायव्हरने एका झटक्यात उचकटणे हा म्हणूनच सर्वांत वाईट मार्ग होय. त्या क्षणी पट्टीची पकड रंगाच्या पत्र्यावरील पकडीपेक्षा जास्त ठरू शकते. कारखान्यात भट्टीत भाजलेला रंग सहसा टिकतो; दगा देतो तो अपघातानंतर बाहेर मारून घेतलेला, नीट न घासलेल्या पृष्ठावरचा किंवा पुरता न वाळलेला रंग.

काढण्यापूर्वी तो भाग साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करतात. धुळीचा कण राहिला तर पुढे पट्टी कापायच्या धाग्याखाली तोच चरे पाडतो. मग केस वाळवण्याच्या यंत्राने चकती व तिच्या भोवतीचा पत्रा काही मिनिटे हलत्या हाताने तापवतात. हाताला चटका बसेल न बसेल इतपत, साधारण 60° ते 70° से., पुरे. ॲक्रिलिक भिंग 100° से. च्या आसपास मऊ पडते. औद्योगिक हीट गन त्यापलीकडे सहज जाते, म्हणून ती टाळलेली बरी. पेट्रोलच्या टाकीजवळ तर नकोच, आणि फोर्कच्या रबरी सीलवरही तिचा झोत नको.

यानंतरच्या कृतीबाबत दोन मते आढळतात. एक, तापवून प्लास्टिकच्या पाचरीने कडेपासून उचलावे. दुसरे, चकती व पत्रा यांमध्ये धागा घालून करवतीसारखा पुढे-मागे ओढावा. धाग्याची रीत अधिक निर्धोक दिसते. तिच्यात रंगावर उचलणारा ताण येत नाही आणि फोम मधोमध कापला जातो. दात साफ करण्याचा धागा किंवा तंगूस, दोन्ही चालतात. तंगूस अधिक टिकतो, मात्र बोटांना गुंडाळल्यास कापतो, म्हणून टोकांना काडी बांधतात. धागा रंगाला घासू न देता चकतीच्या अंगाने ठेवावा आणि फोम कडक लागला की थांबून पुन्हा ऊब द्यावी. गोलाकार फोर्कवर चकती कडांना टेकलेली असल्यास धागा शिरत नाही. तेथे पाचरीशिवाय इलाज नसतो.

उरलेला फोम ऊन असतानाच अंगठ्याने चोळला की त्याच्या वळकट्या होऊन निघतात. काम कंटाळवाणे असले तरी रंगाला सर्वांत कमी इजा यात होते. राहिलेल्या चिकट थरावर रॉकेल, व्हाइट स्पिरिट किंवा संत्र्याच्या सालीच्या तेलापासून केलेले द्रावण कापडावर घेऊन काही वेळ टेकवून ठेवतात, मग पुसतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल व साबणाचे पाणी. थिनर व ॲसिटोन टाळावेत. भाजलेल्या क्लिअर कोटवर (रंगावरील पारदर्शक थरावर) ते क्षणभर निभावतीलही, पण लॅकर त्यांत विरघळते. एबीएस प्लास्टिकलाही ॲसिटोन खातो, आणि पॉलिकार्बोनेटच्या काचेवर तडे जातात. ड्रिलला लावायचे रबरी चाक पत्र्यावर झटपट काम करते, परंतु एकाच जागी धरले तर घर्षणाच्या उष्णतेने रंग जळतो. स्टिकर व प्लास्टिकवर ते वापरत नाहीत.

चकती निघाल्यावर तिच्या आकाराची गडद ‘सावली’ दिसली तर तो डिंक नव्हे. आजूबाजूचा रंग उन्हाने विटलेला असतो आणि झाकलेला भाग मूळ रंगाचा राहिलेला असतो. बारीक पॉलिशने फरक कमी होतो. मॅट रंगावर मात्र पॉलिश चालत नाही; घासलेला भाग चकाकू लागतो व ते परत फिरवता येत नाही.

परावर्तक शोभेचे नसतात. अमेरिकेच्या संघीय मानक क्र. 108 नुसार मोटारसायकलीच्या बाजूंना पुढे पिवळसर-नारिंगी व मागे लाल परावर्तक लागतात. तेथे विक्रेत्याला वा दुरुस्तीच्या दुकानाला ते निकामी करण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. मालकाने स्वतः केलेल्या बदलाला ते कलम लागत नाही, परंतु राज्यांचे नियम वेगळे असतात. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 104 प्रमाणे मोटारसायकलीला मागे किमान एक लाल परावर्तक हवा. तो काढलाच, तर रंगकाम झाल्यावर पुन्हा लावावा लागतो. जुना फोम खरवडून, पृष्ठ अल्कोहोलने पुसून नवी पट्टी दाबून बसवतात. तिची निम्मी पकड साधारण 20 मिनिटांत येते, पूर्ण पकड यायला सुमारे 72 तास लागतात. तोवर गाडी धुऊ नये.