विहिरीतले पांढरे सुळे डायनासोरचे नाहीत

सातारा भागात विहीर खोदताना किंवा खाणीत टोकदार, पांढरे सुळे निघाले की 'डायनासोरचे दात सापडले' म्हणून फोटो फिरू लागतात. हा समज चुकीचा आहे. आपला काळा पाषाण म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. त्यात वायूच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, पुढे पाण्यातली खनिजं साचून त्यांत स्फटिक तयार झाले. ते सुळे म्हणजे कॅल्साइट, क्वार्ट्झ नाहीतर झिओलाइट या खनिजांचे स्फटिक. त्या काळच्या डायनासोरचे अवशेष मिळतात ते मुख्यतः लाव्ह्याखालच्या, लमेटा नावाच्या गाळखडकात: जबलपूर, गुजरातेत रैयोली, चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा.

ओळखायचं कसं? दहापट भिंगाखाली पाहा. स्फटिकाला सपाट पैलू आणि सरळ कडा असतात. दाताला पैलू नसतात. वरचं इनॅमल (कठीण कवच) आणि आतलं डेंटिन (दाताचा गाभा) तुटल्या जागी वेगळे दिसतात, मांसाहारी डायनासोरच्या दाताच्या धारेवर बहुधा बारीक करवतीसारखे दाते असतात. कॅल्साइट चाकूने ओरखडतो, त्याच्या भुकटीवर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. क्वार्ट्झवर चाकूचा ओरखडा उठत नाही.

डायनासोरचे दात विकत घेणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. मोरोक्कोचे स्पायनोसॉरस या मांसाहारी डायनासोरचे दात बरेचदा जोडलेले असतात: टोक खरं, मूळ वाळू-गोंदाचं. भेगेच्या दोन्ही बाजूंच्या उभ्या रेषा जुळतात का ते बघा. मग ॲसिटोनचा (गोंद विरघळवणाऱ्या द्रवाचा) कापूस जोडावर घासा. तो भाग चिकट झाला, वाळूचे कण सुटले, तर घेऊ नका.