अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात मोफत मुक्काम: परवाना कुठे लागतो, कुठे नाही, आणि सोबत काय ठेवायचं

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात, म्हणजे अ‍ॅरिझोना, दक्षिण कॅलिफोर्निया, नेवाडा, युटा आणि न्यू मेक्सिकोच्या वाळवंटी पट्ट्यात, सार्वजनिक जमिनीवर तंबू ठोकायला किंवा आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) लावायला बहुतेक ठिकाणी भाडं नाही, आरक्षण नाही आणि अर्जही नाही. याला 'डिस्पर्स्ड कॅम्पिंग' म्हणतात, बोलीत 'बूनडॉकिंग'. नळ, संडास, कचरापेटी असलेल्या कॅम्पग्राउंडच्या बाहेर, मोकळ्या रानात केलेला हा मुक्काम. अर्ज नाही म्हणजे नियमही नाहीत असं समजून लोक जातात आणि मग रेंजर येऊन पावती फाडतो. नियम आहेत, फक्त ते जमिनीच्या मालकाप्रमाणे बदलतात. म्हणून सगळी प्रक्रिया एका प्रश्नापासून सुरू होते: चाकाखालची जमीन कोणाची?

पायरी पहिली: मालक ओळखा

आपल्याकडे सातबारा बघतात, तिथे रंगीत नकाशा बघायचा. सरकारी नकाशांवर पिवळा रंग म्हणजे ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट, थोडक्यात बीएलएम, म्हणजे केंद्र सरकारचं जमीन-खातं. हिरवा म्हणजे फॉरेस्ट सर्व्हिस, केंद्राचं वनखातं. फिकट निळा म्हणजे राज्याची ट्रस्ट जमीन, नारिंगी म्हणजे आदिवासी राष्ट्रांची, पांढरा म्हणजे खासगी. ऑनएक्स किंवा गाया जीपीएससारख्या अ‍ॅपमध्ये मालकीचा थर चालू करता येतो. तो भाग घरूनच ऑफलाइन उतरवून घ्या, कारण ऐन जागेवर नेटवर्क बहुधा नसतं.

खरी गोची होते ती निळ्या चौकोनांमुळे. अ‍ॅरिझोनाला राज्याचा दर्जा मिळाला (१९१२) तेव्हा प्रत्येक टाउनशिपमधले (सरकारी मोजणीतला ३६ तुकड्यांचा चौकोन) २, १६, ३२ आणि ३६ क्रमांकाचे तुकडे शाळांसाठी राज्याला दिले गेले. एक तुकडा म्हणजे एक चौरस मैल, ६४० एकर. त्यामुळे पिवळ्या पट्ट्यात मधेच निळा चौकोन येतो. जमिनीवर ना कुंपण, ना पाटी. तेच निवडुंग, तीच खडी. पण ही 'सार्वजनिक' जमीन नाही. ती शाळा आणि इतर लाभार्थ्यांसाठी उत्पन्न मिळवायला राखलेली आहे आणि विनापरवाना मुक्काम हे तिथे अतिक्रमण ठरतं.

ट्रस्ट जमिनीचा परवाना अ‍ॅरिझोना स्टेट लँड डिपार्टमेंटच्या संकेतस्थळावर मिळतो. वर्षाला एका व्यक्तीला १५ डॉलर, कुटुंबाला २० डॉलर. कुटुंब म्हणजे दोन प्रौढ आणि १८ वर्षांखालची मुलं. सोबत आलेले आजी-आजोबा यात बसत नाहीत, त्यांचे परवाने वेगळे काढा. अर्जात नाव, पत्ता, ईमेल भरून कार्डाने पैसे भरायचे आणि परवाना छापून गाडीत ठेवायचा. मुक्कामाची मर्यादा वर्षाला १४ दिवस. परवाना असला तरी लष्करी वापराचे किंवा भाडेपट्ट्याने दिलेले काही भाग बंद असतात, तेही नकाशावर तपासा.

नारिंगी भागात, म्हणजे नवाहो नेशनसारख्या ठिकाणी, त्या त्या राष्ट्राचा स्वतःचा परवाना लागतो. फेडरल नियम तिथे दाखवून उपयोग नाही. युमाच्या पूर्वेला बॅरी गोल्डवॉटर हा हवाईदलाचा आणि मरीनचा सरावपट्टा आहे. तिथे न फुटलेला दारूगोळा पडलेला असू शकतो, म्हणून जबाबदारीमुक्तीच्या करारावर सही करून मोफत परवाना आधी घ्यावा लागतो. शेजारच्या काबेझा प्रिएता अभयारण्यालाही परवाना लागतो.

पायरी दुसरी: बीएलएमचे १४ दिवस

पिवळ्या भागात सर्वसाधारण नियम असा: २८ दिवसांच्या कोणत्याही कालावधीत जास्तीत जास्त १४ दिवस. ते सलग असोत वा तुकड्यातुकड्याने, बेरीज एकच. त्यानंतर अ‍ॅरिझोनात किमान २५ मैल, म्हणजे सुमारे ४० किलोमीटर लांब जायचं. युटात हे अंतर ३० मैल आहे. रस्त्याच्या पलीकडे गाडी हलवली म्हणजे घड्याळ पुन्हा शून्यावर येत नाही. तंबू उभा ठेवून दोन रात्री फीनिक्सला हॉटेलात काढल्या तरी जागा तुमच्याच नावावर मोजली जाते आणि ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त वेळ बेवारस ठेवलेलं सामान सरकार जमा करू शकतं.

हा मुक्काम करमणुकीसाठी आहे, राहण्यासाठी नाही. जागा बदलत बदलत वर्षभर त्याच परिसरात घर केलंत तर तो वेगळा गुन्हा.

क्वार्ट्झसाइट गावाभोवती हिवाळ्यात इतकी गर्दी होते की तिथे दोन पद्धती आहेत. प्लोमोसा रोड, स्कॅडन वॉश, डोम रॉक, हाय जॉली, रोड रनर या पट्ट्यांत १४ दिवस मोफत. तिथे कॅम्प होस्ट (देखरेखीला बसलेला माणूस) असेल तर त्याच्याकडे गाडीचा क्रमांक आणि तारीख नोंदवून मोफत चिठ्ठी घ्यायची. त्याहून जास्त राहायचं असेल तर 'लाँग टर्म व्हिजिटर एरिया': क्वार्ट्झसाइटच्या दक्षिणेचा ला पोसा आणि युमाजवळचा इम्पीरियल डॅम. हंगाम १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल. पूर्ण हंगामाचा परवाना अनेक वर्षं १८० डॉलर आणि १४ दिवसांचा ४० डॉलर असा राहिला आहे. पैसे भरण्यापूर्वी प्रवेशाच्या फलकावरचा त्या वर्षीचा दर वाचा. स्टिकर गाडीच्या काचेला चिकटवायचा. खिशात ठेवलेला स्टिकर ग्राह्य नाही. राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे चालत नाही, आणि मोफत पट्ट्यांत त्याची गरजच नाही.

पायरी तिसरी: जंगल असेल तर काळापांढरा नकाशा

फ्लॅगस्टाफच्या आसपासचं कोकोनिनो जंगल सात हजार फुटांवर आहे, त्यामुळे मे ते सप्टेंबर वाळवंट सोडून सगळे तिकडे वर सरकतात. फॉरेस्ट सर्व्हिसही साधारण १४ दिवसांवर थांबवते, कोकोनिनोत ३० दिवसांत १४. पण इथे मुख्य कागद वेगळा आहे: 'मोटर व्हेइकल यूज मॅप'. दिसायला अगदी रूक्ष, काळापांढरा, पण कायद्याने बंधनकारक. ज्या रस्त्याच्या कडेने ठिपके छापलेत, तिथे ठरावीक अंतरापर्यंत, बहुतेक ठिकाणी ३०० फूट, गाडी आत नेऊन मुक्काम करता येतो. ठिपके नसतील तर गाडी रस्त्यालगतच लावायची आणि तंबू उचलून आत न्यायचा. 'तिथे पाटी नव्हती' हा बचाव चालत नाही. नकाशा रेंजर ऑफिसात फुकट मिळतो, अव्हेन्झा अ‍ॅपमध्येही मोफत उतरतो.

सेडोनाच्या पश्चिमेला मात्र गर्दीमुळे नेमून दिलेल्या जागांपुरताच मुक्काम ठेवला आहे. जुने व्हिडिओ पाहून तिकडे जाऊ नका.

पात्रता आणि कागदपत्रं

नागरिकत्वाची अट नाही. बी-२ व्हिसावर आलेले आई-वडील, एफ-१ वरचा विद्यार्थी, एच-१बी वरचं कुटुंब, कोणीही राहू शकतं. कॅम्पिंगसाठी कोणी व्हिसा विचारत नाही. पण वाळवंटाचा हा पट्टा मेक्सिकोच्या सीमेलगत आहे आणि युमा ते क्वार्ट्झसाइट या यूएस ९५ रस्त्यावर बॉर्डर पेट्रोलची चौकी आहे. अमेरिकेत १८ वर्षांवरच्या परदेशी नागरिकाने नोंदणीचा पुरावा कायम जवळ बाळगावा असा कायदाच आहे. म्हणून:

- पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) छापील प्रत, किंवा ग्रीन कार्ड. फोनमधल्या फोटोवर विसंबू नका, बॅटरी संपते.
- चालकाचा परवाना, गाडीची नोंदणी, विम्याचं कार्ड.
- भाड्याची गाडी असेल तर करारपत्र, आणि ते आधी वाचलेलं. बहुतेक करारांत कच्च्या रस्त्यावर गाडी नेण्यास मनाई असते. वाळूत रुतली, टायर फाटला, तर विमा हात वर करतो आणि टोइंगचं बिल पूर्ण तुमचं.
- लागू असेल तिथे ट्रस्ट जमिनीचा किंवा लष्करी पट्ट्याचा परवाना.
- कॅलिफोर्नियात असाल तर कॅम्पफायर परमिट.

या शेवटच्या कागदाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. कॅलिफोर्नियात बीएलएमच्या किंवा जंगलाच्या जमिनीवर शेकोटीच नव्हे, तर चहाचा गॅस स्टोव्ह पेटवायलाही हा परवाना लागतो. तो मोफत आहे. ऑनलाइन छोटा व्हिडिओ, थोडे प्रश्न, आणि परवाना ईमेलवर, वर्षाअखेरपर्यंत चालतो. अ‍ॅरिझोनात असा परवाना नाही, पण उन्हाळ्यात पाऊस सुरू होईपर्यंत आगीवर निर्बंध येतात. पहिल्या टप्प्यात लाकूड आणि कोळसा दोन्ही बंद होतात. बंद-चालू करता येणारा गॅस स्टोव्ह चालतो. निघण्याच्या दिवशी सकाळी त्या भागाच्या फील्ड ऑफिसला, म्हणजे खात्याच्या स्थानिक कार्यालयाला, फोन करा. आठवड्यापूर्वीची माहिती शिळी असते.

जागा निवडताना

आधी कोणीतरी वापरलेली, खडी बसलेली, दगडांची चूल असलेली जागाच घ्या. झुडपं तोडून नवी जागा करायची नाही. वाळवंटाचा वरचा थर एकदा मोडला की दशकानुदशकं सांधत नाही. १९४२ मध्ये कॅलिफोर्निया-अ‍ॅरिझोना सीमेवर सैन्याने रणगाड्यांचा सराव केला, त्या पट्ट्यांच्या खुणा अजून काही ठिकाणी दिसतात.

वॉशमध्ये, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, तंबू नको. तिथली वाळू सपाट आणि मऊ असते, नवख्यांना तीच पहिली आवडते. १५ जून ते ३० सप्टेंबर हा तिथला मान्सूनचा काळ. पाऊस दूरच्या डोंगरावर पडतो, तुमच्या डोक्यावर आकाश निरभ्र असतं आणि लोंढा येतो. काठावर मुक्काम केलात तरी परतीचा रस्ता वॉश ओलांडतो का ते पाहा, नाहीतर तुम्ही सुखरूप आणि गाडी अडकलेली.

अ‍ॅरिझोनाच्या कायद्याप्रमाणे प्राण्यांच्या किंवा गुरांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत, साधारण ४०० मीटर, त्यांची वाट अडेल असा मुक्काम करता येत नाही. मधोमध दिसणारी पत्र्याची टाकी किंवा सिमेंटचा हौद हाही पाणवठाच. कोफा अभयारण्यात याखेरीज गाडी नेमलेल्या रस्त्यापासून १०० फुटांच्या आत ठेवावी लागते.

जुन्या खाणींची तोंडं, धूळ आणि साप या तिन्हींपैकी धुळीला लोक कमी लेखतात. मातीतल्या एका बुरशीमुळे इथे 'व्हॅली फीव्हर' होतो. वावटळ उठली की गाडीत बसा, आणि परतल्यावर काही आठवडे खोकला-ताप राहिला तर डॉक्टरांना वाळवंटात गेल्याचं आवर्जून सांगा.

पाणी, टायर, संडास

पिण्यासाठी माणशी रोज किमान एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटर. स्वयंपाक आणि धुणं वेगळं. भाताचं कुकर लावणाऱ्या कुटुंबाने माणशी दीड गॅलन धरावं आणि दोन दिवसांचा साठा वर ठेवावा. सगळं पाणी एकाच मोठ्या कॅनमध्ये भरू नका. तो फुटला तर सगळंच गेलं.

मऊ वाळूत टायरची हवा २० ते २५ पीएसआयपर्यंत उतरवली की पकड वाढते. पण डांबरी रस्त्यावर येण्याआधी ती पुन्हा भरायची, म्हणून छोटा कॉम्प्रेसर हवाच. चाक फिरायला लागलं की अ‍ॅक्सिलरेटर दाबत राहणं ही हमखास चूक, गाडी आसापर्यंत खाली बसते. थांबा, उकरा, चटई घाला.

संडासासाठी खड्डा वाळवंटात चार ते सहा इंच खोल, पाण्यापासून किमान २०० फुटांवर. टॉयलेट पेपर पुरू नका, कोयोटी उकरतात. पिशवीत बांधून परत न्या. युटात मोआबच्या परिसरात खड्डाही चालत नाही, पोर्टेबल टॉयलेट किंवा मानवी विष्ठेसाठीच्या खास पिशव्या सोबत असणं सक्तीचं आहे. आरव्हीची काळी टाकी, म्हणजे संडासाची टाकी, जमिनीवर रिकामी करणं सगळीकडेच बेकायदा. त्यासाठी डम्प स्टेशन, म्हणजे टाकी रिकामी करायची ठरलेली जागा.

मंडळाची सहल असेल तर

महाराष्ट्र मंडळाची किंवा मित्रमंडळींची मोठी टोळी जाणार असेल तर मोफत मुक्कामाचे नियम बदलतात. फॉरेस्ट सर्व्हिसच्या जमिनीवर ७५ किंवा त्याहून जास्त लोक, प्रेक्षक धरून, जमणार असतील तर गट-वापराचा परवाना लागतो. त्याला शुल्क नाही, पण अर्ज किमान ७२ तास आधी रेंजर ऑफिसात पोचला पाहिजे, आणि त्यात जागा, तारखा, माणसांची संख्या, सही करणाऱ्या २१ वर्षांवरील जबाबदार व्यक्तीचं नाव लागतं. २५-२५ जणांचे तीन 'वेगळे' गट दाखवून एकाच माळावर बसण्याची युक्ती करू नका.

बीएलएमवर आकड्यापेक्षा पैशाला महत्त्व आहे. खर्च वाटून घेतला तर हरकत नाही, पण माणशी वर्गणीत नफा असेल, किंवा सहलीची जाहिरात करून पैसे घेतले असतील, तर ती व्यावसायिक सहल ठरते आणि 'स्पेशल रिक्रिएशन परमिट' लागतं. त्याचा अर्ज किमान १८० दिवस आधी करायचा असतो. दिवाळीनंतरच्या थंडीतली सहल ठरवायची असेल तर फील्ड ऑफिसला पहिला फोन मे महिन्यात गेला पाहिजे.