ड्युअल-बूटनंतर अडलेला लॅपटॉप : पार्श्वभूमी

विंडोजशेजारी लिनक्स टाकल्यावर लॅपटॉप सुरू होईनासा झाला की पहिला सल्ला मिळतो तो सगळं फॉरमॅट मारण्याचा. बहुतेक वेळा हा सल्ला अनाठायी असतो. दोन्ही प्रणाली आणि फाइली डिस्कवर जागच्या जागी असतात. अडलेलं असतं ते सुरुवातीच्या काही सेकंदांतलं काम, म्हणजे फर्मवेअरनं (मदरबोर्डवरच्या मूळ सॉफ्टवेअरनं) बूटलोडर, म्हणजे प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम, शोधून त्याच्या हाती कारभार देण्याचं. या कामाची रचना एकदा मुळापासून बदलली आणि नंतर तिच्यावर सुरक्षेचे थर चढत गेले. आज सुचवले जाणारे बरेच उपाय जुन्या रचनेतले आहेत. नव्या यंत्रावर त्यातले काही निरुपयोगी ठरतात, तर काही नुकसान करतात.

जुनी रचना म्हणजे एमबीआर (मास्टर बूट रेकॉर्ड). १९८३ साली पीसी-डॉस २.० बरोबर ती आली. डिस्कचे पहिले ५१२ बाइट, त्यातले ४४६ सुरुवातीच्या कोडसाठी, ६४ चार पार्टिशनांच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, नोंदींसाठी आणि शेवटचे २ खुणेसाठी. कोडची जागा एकच, त्यामुळे जी प्रणाली शेवटी टाकली तिचाच ताबा. विंडोज नंतर टाकलं की लिनक्सचा मेनू गायब, हा त्या काळातला नेहमीचा अनुभव. लिनक्सचा बूटलोडर ग्रब त्या ४४६ बाइटांत मावत नसे, म्हणून त्याचा पुढचा भाग एमबीआर आणि पहिलं पार्टिशन यांच्या मधल्या मोकळ्या सेक्टरांत ठेवला जाई. ही जागा अधिकृतपणे कोणाचीच नव्हती. विंडोजवरच्या काही विकतच्या सॉफ्टवेअरची लायसन्स तपासणारी यंत्रणाही नेमकी तिथेच आपली नोंद लिहून ठेवी. परिणामी विंडोजमध्ये एखादा प्रोग्राम चालवला आणि पुढच्या वेळी ग्रबच उघडला नाही, असं होई. एमबीआर पुन्हा लिहिण्याचा उपाय या काळातला आहे आणि या काळापुरता तो अगदी योग्य होता.

यूईएफआय या नव्या रचनेची मुळं १९९० च्या दशकाच्या अखेरीस, इटॅनियम सर्व्हरसाठी आखलेल्या फर्मवेअरमध्ये आहेत. लॅपटॉपमध्ये ही पद्धत सरसकट आली ती २०१२ साली विंडोज ८ बरोबर. आता फॅट३२ या फाइलपद्धतीतलं एक छोटं ईएफआय पार्टिशन असतं, त्यात प्रत्येक प्रणालीचं स्वतंत्र फोल्डर असतं आणि कोणाला आधी उठवायचं याची यादी मदरबोर्डवरच्या एनव्हीरॅममध्ये (वीज गेली तरी माहिती टिकवणाऱ्या छोट्या मेमरीत) राहते. कागदावर तरी एकाच जागेवरून होणारं भांडण संपलं होतं.

प्रत्यक्षात फर्मवेअर लिहिणाऱ्यांनी बहुधा विंडोजपुरतीच चाचणी घेतली. २०१२ मध्येच एका नामांकित कंपनीच्या डेस्कटॉपमध्ये असं आढळलं की फर्मवेअर यादीतल्या नोंदीचं नाव तपासतं. ‘विंडोज बूट मॅनेजर’ किंवा एका ठरावीक व्यावसायिक लिनक्सचं नाव असेल तरच ते पुढे जाई, बाकीच्या नोंदी वैध असूनही नाकारल्या जात. आजही काही लॅपटॉप लिनक्सची नोंद गिळून टाकतात किंवा क्रमात खाली ढकलतात. ‘इन्स्टॉल नीट झालं, पण सुरू करताच थेट विंडोज येतं’ ही तक्रार बहुतेकदा इथली असते. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये क्रम बदलून पाहावा. तो टिकत नसेल तर लिनक्सचा लोडर ईएफआय पार्टिशनमधल्या राखीव पर्यायी वाटेवर, म्हणजे बूटएक्स६४ या नावानं ठेवावा.

लॅपटॉप खरोखरच निकामी होण्याचे प्रकारही घडले आहेत, पण ते मोजके आहेत. २०१३ मध्ये एका मालिकेतले काही लॅपटॉप यूईएफआयमधून लिनक्स सुरू करताच कायमचे बंद पडले. दोष लिनक्सच्या माथी गेला. पुढे सिद्ध झालं की एनव्हीरॅममध्ये जास्त माहिती लिहिली गेली की ते फर्मवेअर कोसळतं आणि हे विंडोजमधूनही घडवता येतं. डिसेंबर २०१७ मध्ये मात्र चूक लिनक्सच्या बाजूची होती. उबंटू १७.१० मधल्या एका ड्रायव्हरमुळे काही लॅपटॉपची बायोस (फर्मवेअर) सेटिंग जतन होईनाशी झाली, काहींवर पेनड्राइव्हवरून बूटही होईना. डाउनलोड काही काळ मागे घ्यावं लागलं.

खरा वाद सिक्युअर बूटचा. डिजिटल सही असलेलाच लोडर चालवायचा, हे तत्त्व बरोबर आहे. प्रणाली सुरू होण्याआधीच घुसणाऱ्या मालवेअरवर दुसरा चांगला उपाय नाही. प्रश्न असा की सही कोणाची? २०१२ च्या प्रमाणन नियमांनी नव्या विंडोज यंत्रांवर सिक्युअर बूट चालू ठेवणं बंधनकारक केलं आणि जवळपास प्रत्येक लॅपटॉपमध्ये विंडोज बनवणाऱ्या कंपनीच्या, सही तपासण्यासाठीच्या चाव्या बसल्या. लिनक्सवाल्यांनी स्वतःची सामायिक चावी सगळ्या उत्पादकांच्या गळी उतरवण्याऐवजी तडजोड केली. ‘शिम’ नावाचा छोटा लोडर त्या कंपनीकडून सही करून घ्यायचा आणि शिमनं पुढे ग्रबची सही तपासायची. इंटेल-एएमडी यंत्रांवर सिक्युअर बूट बंद करण्याची सोय देणं तेव्हा सक्तीचं होतं. २०१५ मध्ये विंडोज १० च्या वेळी ही सक्ती निघून गेली आणि निर्णय उत्पादकांवर सोडला गेला. तडजोड व्यवहार्य होती, कारण ती नसती तर घरगुती वापरकर्त्याला लिनक्स टाकणं फार अवघड झालं असतं. पण सही देण्याबरोबर सही रद्द करण्याचा अधिकारही त्याच हातात गेला, आणि त्याची किंमत बारा वर्षांनी दिसली.

जुलै २०२० मध्ये ग्रबची सेटिंग फाइल वाचणाऱ्या भागात गंभीर दोष सापडला. ‘बूटहोल’ या नावानं तो गाजला. दोषी लोडर एकेक करून रद्द यादीत टाकायचे तर ती यादी फर्मवेअरमध्ये साधारण ३२ किलोबाइटची आणि या एका प्रकरणातच तिच्यातली १० किलोबाइट जागा गेली. म्हणून ‘एसबॅट’ पद्धत आली. लोडरच्या प्रत्येक घटकाला पिढीचा क्रमांक द्यायचा आणि ठरावीक पिढीच्या खालचं काहीही चालू द्यायचं नाही. तांत्रिकदृष्ट्या ही उत्तम सुधारणा आहे.

१३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं ही किमान पिढी वर नेली. ड्युअल-बूट यंत्रांना हात लावायचा नाही, असं कंपनीनं जाहीर केलं होतं. पण लिनक्स आहे की नाही हे ओळखण्याची पद्धत अनेक यंत्रांवर चुकली. लोकांनी नेहमीसारखं अपडेट घेतलं, रीस्टार्ट केलं आणि लिनक्स निवडताच काळ्या पडद्यावर ‘शिमच्या एसबॅट माहितीची पडताळणी फसली, सुरक्षा धोरणाचा भंग’ अशा अर्थाच्या दोन ओळी येऊन यंत्र बंद झालं. जुन्या आवृत्त्यांचे इन्स्टॉलेशन पेनड्राइव्हही चालेनात. म्हणजे दुरुस्तीचं साधनच अडलं.

दुसरी बाजूही खरी आहे. ज्या दोषासाठी हे केलं तो २०२२ चा होता, दुरुस्त्या उपलब्ध होत्या आणि काही वितरणांनी (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांनी) नवा शिम वेळेवर पोहोचवला नव्हता. तरीही माझ्या मते निर्णय चुकीचा होता. एका प्रणालीच्या मासिक अपडेटनं, वापरकर्त्याला न विचारता, शेजारच्या प्रणालीचा दरवाजा बंद करावा हे समर्थनीय नाही, विशेषतः ओळखण्याची पद्धत पक्की नसताना. आणि झालं काय, तर अडलेल्यांनी सिक्युअर बूटच बंद केलं. सुरक्षेसाठी टाकलेल्या पावलानं यंत्रं आधीपेक्षा उघडी पडली. सप्टेंबरच्या अपडेटपासून ती सेटिंग वगळली गेली, पण प्रश्न सुटल्याची नोंद व्हायला मे २०२५ उजाडला.

त्या पडद्यावरून बाहेर येण्याची वाट अशी. सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून लिनक्समध्ये शिरायचं, मोकयुटिल या साधनानं एसबॅट धोरण पुसायचं, एकदा रीस्टार्ट करून पुन्हा लिनक्समध्ये यायचं, शिम आणि ग्रब अद्ययावत करायचे आणि मगच सिक्युअर बूट परत चालू करायचं. त्याआधी एक गोष्ट कळकळीनं सांगावीशी वाटते. विंडोजची डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय सिक्युअर बूटला हात लावू नका. सिक्युअर बूट बदललेलं टीपीएम या सुरक्षा चिपला कळतं आणि विंडोज ती की मागतं. अनेक नव्या लॅपटॉपवर हे एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू झालेलं असतं आणि की ऑनलाइन खात्यात जाऊन पडलेली असते. लॅपटॉप चालू असतानाच ती तिथून उतरवून घ्यावी.

सगळाच दोष अपडेटांचा नाही. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, इतर प्रणाली शोधणारा ओएस-प्रोबर सुरक्षेच्या कारणानं मुळातच बंद ठेवला जातो. मेनूतून विंडोज ‘उडालं’ असं वाटतं ते अनेकदा एवढ्यावरूनच. सेटिंग फाइलमधली एक ओळ बदलून मेनू पुन्हा तयार केला की ते परत दिसतं.

आणि सर्वांत जास्त घोळ होतो तो दोन काळांच्या मिश्रणातून. विंडोज यूईएफआय पद्धतीनं बसलेलं आणि पेनड्राइव्ह लेगसी, म्हणजे जुन्या एमबीआरच्या, पद्धतीनं उघडलेला, तर लिनक्स जुन्या रचनेनं बसतं आणि दोन्ही प्रणालींचा एक मेनू होऊच शकत नाही. इन्स्टॉल करण्याआधी, पेनड्राइव्हवरूनच चालणाऱ्या लाइव्ह लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या फर्मवेअर विभागात ईएफआय नावाचं फोल्डर दिसतंय का, एवढं पाहिलं तरी हा घोळ टळतो. यूईएफआय यंत्रावर एमबीआर दुरुस्तीचा जुना उपाय करू नये, तिथलं बूटिंग त्या जागेवर अवलंबूनच नसतं. विंडोजची बाजू बिघडली असेल तर विंडोजच्या रिकव्हरीतून बीसीडीबूट ही बूट फाइली पुन्हा बसवणारी आज्ञा चालवावी. लिनक्सची बिघडली असेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून मूळ प्रणालीत शिरून ग्रब पुन्हा बसवावा. ईएफआय पार्टिशन मात्र कधीही फॉरमॅट करू नये, दोन्ही लोडर तिथेच असतात.

२०११ साली दिलेल्या ज्या प्रमाणपत्रावर शिमची सही टिकून आहे, त्याची मुदत जून २०२६ ची आहे. त्याच्या जागी २०२३ ची प्रमाणपत्रं येत आहेत. बूट होताना फर्मवेअर सहसा मुदत तपासत नाही, त्यामुळे आज चालणारा लोडर त्या तारखेनंतरही चालेल. पण पुढचे शिम केवळ नव्या प्रमाणपत्रावर सही होऊन येतील तेव्हा ते जुन्या फर्मवेअरच्या ओळखीचे नसतील. उत्पादकानं फर्मवेअर अपडेट दिलं असेल तर नवं लिनक्स टाकण्याआधी ते करून घ्यावं.