सिगारेटऐवजी गालात काय ठेवताय? तंबाखूचा पाऊच आणि निकोटिन गम

निपाणी, संकेश्वर, चिकोडी, बेळगाव. या पट्ट्यातल्या कुठल्याही पानपट्टीवर "सिगारेट सोडायची आहे, काहीतरी द्या" म्हटलं, तर हातावर दोन अगदी वेगळ्या वस्तू पडू शकतात. एक म्हणजे फिल्टर खैनी: चहाच्या पिशवीसारख्या पांढऱ्या कागदी पिशवीत भरलेली तंबाखू. दुसरी म्हणजे २ मिलिग्रॅमचा निकोटिन गम. दोन्ही गालात ठेवायच्या. धूर दोन्हींना नाही, पुदिन्याची चव दोन्हींत मिळते. टपरीवाल्याचं वाक्यही दोन्हींसाठी एकच असतं: "घ्या की वो, सिगरेटच्या बदली हेच चालतंय."

घोटाळा टपरीवाल्यापासून सुरू होत नाही. "सिगारेटच्या बदली" या शब्दांचे दोन अर्थ होतात आणि तंबाखू कंपन्यांनी चाळीसेक वर्षं त्यातला सोयीचा अर्थ विकला आहे. कानडीत तंबाखूला होगेसोप्पू म्हणतात, म्हणजे धुराचा पाला. पाला मळून खाल्ला तरी नाव धुराचंच. "धूरविरहित" हे लेबल त्यावर नंतर चिकटलं.

आधी दोन्हींत सारखं काय ते पाहू, कारण खरा गोंधळ तिथेच आहे. तंबाखू मळताना चुना का लावतात? निकोटिन गालाच्या आतल्या कातडीतून रक्तात जायचं, तर तोंडातलं पाणी आम्ल असून चालत नाही, क्षारीय लागतं. पीएच, म्हणजे आम्ल-क्षाराचं माप, ६ असताना जेमतेम एक टक्का निकोटिन कातडी ओलांडण्याच्या अवस्थेत असतं. तेच प्रमाण ८ ला निम्मं होतं आणि ९ ला नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. चुना हेच काम करतो. गममध्येही ते होतं, फक्त चुन्याऐवजी धुण्याच्या सोड्याच्या जातीचा सोडियम कार्बोनेट घातलेला असतो. म्हणजे युक्ती एकच. शिवाय औषधातलं निकोटिनसुद्धा बहुतेक तंबाखूच्या पानातूनच काढतात. इथवर टपरीवाल्याचं काही चुकलेलं नाही.

फरक आहे निकोटिनबरोबर येणाऱ्या लवाजम्यात. पान वाळवताना, मुरवताना आणि साठवताना त्यात नायट्रोसमाइन नावाची रसायनं तयार होतात. तोंडाच्या कर्करोगाशी त्यांचा थेट संबंध आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं खाण्याच्या तंबाखूला पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांत ठेवलं आहे. सुपारीही त्याच गटात आहे. मावा खाणाऱ्याच्या तोंडात त्यामुळे दोन्ही एकदम जातात, आणि तोंड पुरतं उघडेनासं होण्याचा आजार मुख्यतः सुपारीनं होतो. पाऊचला कागदाची पिशवी असली तरी आत पानच आहे. पिशवीमुळे चोथा तोंडभर पसरत नाही, रस मात्र झिरपतोच. गममध्ये पान नसतं. शुद्ध केलेलं निकोटिन एका राळेला बांधलेलं असतं आणि चावलं की थोडंथोडं सुटतं. निकोटिन निरुपद्रवी आहे असं नव्हे, व्यसन त्याचंच आहे. पण कर्करोगाचं मुख्य कारण ते नव्हे.

कंपन्यांनी काय विकलं

सिगारेट ओढणाऱ्याला तंबाखूच्या पिशवीकडे वळवायची मोठी मोहीम अमेरिकेत १९८० च्या दशकात झाली. "झुरक्याऐवजी पाऊच घ्या" अशा अर्थाची ती घोषणा होती. पुढे सिगारेट कंपन्या स्वतः त्यात उतरल्या. आर. जे. रेनॉल्ड्सनं २००६ मध्ये कॅमल या सिगारेटच्याच नावानं स्नूस, म्हणजे ओठाखाली ठेवायची तंबाखूची पिशवी, बाजारात आजमावलं आणि मागोमाग मार्लबोरो स्नूस आलं. नाव जुनं, डबी पेपरमिंटच्या गोळ्यांची असावी तशी, चव पुदिन्याची आणि थुंकायचं कारण नाही. ऑफिसात, विमानात, सिनेमागृहात कुणाला कळणार नाही, हाच माल विकण्याचा मुख्य मुद्दा. २०११ मध्ये न्यूयॉर्कनं बागा आणि समुद्रकिनाऱ्यांवर सिगारेटला बंदी केली, तेव्हा कॅमल स्नूसच्या जाहिराती थेट त्या शहरातल्या सिगारेटवाल्यांना उद्देशून निघाल्या: बंदीच्या वर उठा.

त्या जाहिरातीत सिगारेट सोडा असं कुठेच म्हटलेलं नाही. जिथे ओढता येत नाही तिथे हे वापरा, एवढंच सांगितलं आहे. बंदी असलेले आठ तास माणूस निकोटिनविना राहिला, तर सोडण्याची शक्यता वाढते. तेच आठ तास पिशवीनं भरून काढले, की संध्याकाळी सिगारेट जागेवर हजर असते. गिऱ्हाईक हातचं जात नाही आणि दुसरी वस्तूही खपते.

आपल्याकडे अशी जाहिरात करता येत नाही. २००३ च्या कायद्यानं तंबाखूच्या जाहिरातीला बंदी आहे. दुकानावर फार तर ६० बाय ४५ सेंटिमीटरची पाटी चालते, तीही कंपनीचं नाव न घालता. म्हणून जे सांगायचं ते पुडीच्या रूपातून सांगितलं जातं: "फिल्टर" हा सिगारेटवरून उचललेला शब्द, चमकदार डबी, वेलची-पुदिन्याचा वास. बाकीचं काम त्याच नावाच्या वेलचीची किंवा पान मसाल्याची जाहिरात करते. सिगारेट न चालणाऱ्या जागा इथेही भरपूर आहेत. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला मनाई आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यात किंवा बेळगाव-कोल्हापूर बसमध्ये सिगारेट पेटवता येत नाही, पण गालात बार धरला तर कोण बघतो?

असे दुहेरी गिऱ्हाईक मोजलेही गेले आहेत. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि २१.४ टक्के तंबाखू खाणारे आढळले, पण एकूण तंबाखू वापरणारे २८.६ टक्केच. बेरीज जिथे जुळत नाही, ते साडेतीन टक्क्यांच्या घरातले लोक दोन्ही करतात.

"स्वीडनमध्ये तर डॉक्टरही म्हणतात चालतं" हा युक्तिवादही ऐकू येतो. त्यात तथ्य आहे, पण ते इथे लागू होत नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनं २०१९ मध्ये जनरल या स्वीडिश स्नूसला, सिगारेटऐवजी वापरल्यास धोका कमी, असं लिहायची परवानगी दिली. २०२३ मध्ये कोपनहेगन या ओठात ठेवायच्या तपकिरीला मिळालेल्या परवानगीत तर "पूर्णपणे बदलल्यास" अशी अट आहे आणि दावा फक्त फुप्फुसाच्या कर्करोगापुरता आहे. स्वीडिश स्नूस वाफेवर तापवून जंतू मारलेलं असतं, मुरवत नाहीत, त्यामुळे त्यात नायट्रोसमाइन कमी बनतात. आपल्या खैनी-जर्द्यात ती कितीतरी जास्त असतात. स्वीडनचं प्रमाणपत्र निपाणीच्या पुडीला चिकटवता येत नाही.

गम फसतो कुठे

गमबद्दल सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार म्हणजे "दोन दिवस खाल्ला, काही फरक नाही, उलट उचक्या लागल्या." जवळजवळ प्रत्येक वेळी कारण एकच निघतं: तो च्युइंगमसारखा चघळलेला असतो. भराभर चावलं की निकोटिन एकदम सुटतं, थुंकीबरोबर पोटात जातं, तिथून फारसं उपयोगी पडत नाही आणि उचकी, जळजळ, मळमळ मात्र देतं.

रीत अशी आहे. हळूहळू आठ-दहा वेळा चावा. तिखटसर चव किंवा चुरचुर आली की थांबा आणि गम गाल व हिरडीच्या मध्ये ठेवा, बार ठेवतात तसाच. मिनिटभरात चुरचुर गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा आणि जागा बदलून ठेवा. असं अर्धा तास. तंबाखू खाणाऱ्याला ही रीत सिगारेटवाल्यापेक्षा लवकर जमते, कारण गालाला सवय असते.

दुसरी चूक चहाची. चहा-सिगारेटची जोडी मोडताना लोक चहाबरोबरच गम तोंडात टाकतात. चहा, कॉफी, लिंबू सरबत, सोलकढी, थंड पेयं तोंड आम्ल करतात, सोड्यानं केलेलं काम त्यात वाहून जातं. गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत पाण्याशिवाय काही नको.

तिसरी चूक मात्रेची. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ४ मिलिग्रॅमचा गम, नाही तर २ चा. टपरीवर आणि औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो तो २ चाच, ४ साठी डॉक्टरांची चिठ्ठी लागते. दिवसाला वीस ओढणारा माणूस २ चे चार गम खाऊन "उपयोग नाही" म्हणतो, तेव्हा मात्राच अपुरी असते. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दोन-चार तासांनी, शेवटचे तीन आठवडे चार-आठ तासांनी. बारा आठवड्यांत शून्य. दिवसाला २४ ची कमाल मर्यादा. अलीकडे हृदयविकाराचा झटका आला असेल, किंवा गम घेणारी बाई गरोदर असेल वा बाळाला अंगावर पाजत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचं.

गमच्या वापराला असा शेवट ठरलेला असतो, पाऊचवर तो कुठेही लिहिलेला सापडणार नाही. पण ही रेघ गमच्या बाजूनंही पुसली जाऊ शकते. सिगारेट बनवणाऱ्या आयटीसीनंही निकोटिन गम बाजारात आणला आहे. गमही "ऑफिसपुरता" आणि घरी सिगारेट असा वापरला, तर तो पाऊचचंच काम करतो.

कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी हा तिसरा पर्याय. तंबाखूची ओली पानं तोडणाऱ्याला मळमळ आणि चक्कर येते, कारण निकोटिन कातडीवाटे आत जातं. पट्टीत तेच मोजून मापून होतं, जास्त ओढणाऱ्यासाठी २४ तासांत २१ मिलिग्रॅम.

हातातली वस्तू ओळखायची सोपी खूण पाकिटावरच आहे. तंबाखूच्या पुडीचा ८५ टक्के भाग चित्रासह इशाऱ्यानं व्यापलेला असतो, आणि त्यावर १८००-११-२३५६ हा मोफत मदतीचा क्रमांकही असतो. गमवर असं चित्र नसतं. त्यावर मिलिग्रॅम, बॅच क्रमांक आणि औषधाचा परवाना असतो. चित्रही नाही आणि मिलिग्रॅमही नाही, अशी सुटी पिशवी कुणी "विदेशी" म्हणून दिली, तर घेऊ नका. सीमेवर कायदाही दोन रंगांचा आहे: गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून आणि कर्नाटकात २०१३ पासून बंदी आहे, पण तंबाखू विकत घ्यायचं वय आता कर्नाटकात २१ आणि कोगनोळीच्या सीमानाक्यापलीकडे महाराष्ट्रात १८.

ओढणं आणि खाणं दोन्ही असेल, तर मात्रा ठरवताना फक्त सिगारेटी मोजू नका. सकाळचा पहिला बारही धरा, आणि दोन्ही एकाच दिवशी बंद करा. नाही तर गमच्या मधल्या तासात खिशातली पुडी बाहेर येते. चावून झालेल्या गममध्येही निकोटिन शिल्लक असतं, म्हणून तो कागदात गुंडाळून, रांगत्या मुलाच्या हाती लागणार नाही असा टाका.