तलंगांची पहिली अंडी मऊ का येतात?

(आमच्याकडून गिरिराज, स्वर्णधारा आणि गावठी पिल्लं नेलेल्या ग्राहकांसाठी)

पाच-सहा महिने दाणापाणी केल्यावर तलंग, म्हणजे पहिल्यांदाच अंडी देणारी तरुण कोंबडी, अंड्यावर येते. घरची मंडळी रोज खुराड्यात डोकावतात आणि एके सकाळी हाताला लागतं ते पिलपिलीत, बिनकवचाचं अंडं. नुसत्या पापुद्र्यात बलक आणि पांढरं. मग आम्हाला फोन येतो, "पक्षी खोटा दिला का हो?" पक्षी खोटा नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखाददुसरं अंडं असं येतंच. तेवढ्यावरून कोंबडी कापायला काढू नका.

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात आणि त्यातले जवळजवळ २० तास एकट्या कवचाला जातात. बलक, पांढरं, पापुद्रा हे सगळं आधी होतं. कवच शेवटी चढतं, तेही बरंचसं रात्री. नव्या तलंगेला ही घडी अजून बसलेली नसते. कधी दोन बलक पाठोपाठ सुटतात, कधी कवच चढायच्या आत अंडं बाहेर पडतं. रात्री खुराड्याभोवती कुत्रं, मुंगूस फिरलं किंवा गणपती-दिवाळीत फटाके वाजले, की दचकूनही असं होतं.

पण मऊ अंडी थांबतच नसतील तर आधी खाणं बघा. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ तिथंच सापडतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असतं. जोंधळा, मका, कण्या, कोंडा यांत ते नावालाच. नुसत्या दाण्यावर ठेवलेली कोंबडी मग स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम काढून कवच करते, आणि ते पुरेनासं झालं की कवच पातळ होत जातं.

तुरा लाल झाला आणि पाठीवर हात ठेवताच तलंग खाली बसू लागली, की ती अंड्यावर आली समजा. तेव्हा ग्रोअर (वाढत्या पक्ष्यांचं) खाद्य बंद करून लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) सुरू करा. ग्रोअरमध्ये कॅल्शियम साधारण १ टक्का असतं, लेअरमध्ये साडेतीन ते चार. लहान पिल्लांना मात्र लेअर घालू नका. जादा कॅल्शियमनं त्यांचे मूत्रपिंड बिघडतात. लहान-मोठे पक्षी एकत्र असतील तर सगळ्यांना ग्रोअरच ठेवा आणि शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी ठेवा. जिला गरज आहे ती बरोबर खाते. चुरा बाजरी-जोंधळ्याच्या दाण्याएवढा हवा. असे तुकडे रात्रभर पोटात हळूहळू विरघळतात आणि कवच चढायच्या वेळी उपयोगी पडतात. पिठासारखी पूड लवकर निघून जाते. घरच्या अंड्यांची टरफलं तव्यावर भाजून, चुरून दिली तरी चालतात. पानाला लावायचा चुना मात्र देऊ नका, त्यानं तोंड आणि अन्ननलिका भाजते.

जांबोटी, कणकुंबीकडं पावसाळ्यात कोंबड्या दिवसचे दिवस कोंडून राहतात. ऊन नसलं की ड जीवनसत्त्व कमी पडतं, आणि त्याशिवाय खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. तिकडच्या लोकांनी लेअर खाद्य टाळूच नये. अथणी, चिकोडीकडं उन्हाळ्यात उलटी अडचण. कोंबडी धापा टाकते, खाणं कमी होतं आणि कवच पातळ येतं. तिथं सावली आणि गार पाणी आधी, खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर.

मऊ अंडं दिसताच उचला. एकदा फुटलेल्या अंड्याची चव लागली की कोंबड्या चांगली अंडीही फोडून खातात, आणि ही खोड सहजी सुटत नाही. बिनकवचाच्या अंड्यात जंतू लवकर शिरतात, म्हणून ते न खाल्लेलं बरं.

दवाखाना कधी गाठायचा? चांगली अंडी देणाऱ्या सगळ्याच कोंबड्या एकदम मऊ किंवा वेडीवाकडी अंडी देऊ लागल्या, शिंकू लागल्या, घशात घरघर झाली किंवा मान वाकडी पडली, तर तो रोग असू शकतो. मानमोडीतही (राणीखेत रोगातही) अंड्यांवर असा परिणाम होतो. एखादी कोंबडी पिसं फुगवून, शेपटी खाली टाकून कुंथत बसली असेल तर अंडं आत अडकलेलं असू शकतं. दोन्ही वेळा दुकानातून औषध नेण्यात वेळ घालवू नका. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा, किंवा १९६२ वर फोन करा.

शिंपल्याचा चुरा आमच्याकडे सुटा मिळतो, हवा तेवढाच न्या. खाद्याच्या पिशवीवरचं कन्नड वाचता येत नसेल तर पिशवी फोडायच्या आधी विचारा. ग्रोअर कुठलं आणि लेअर कुठलं ते आम्ही मराठीत लिहून देतो.